चांदी चढाला थांबते

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर एकदा संध्याकाळी येऊन उभं राहा. म्हशी ओळीनं बांधलेल्या असतात, गवळी उकिडवे बसून धारा काढत असतात, आणि हातात पेला धरून माणसं वाट बघत असतात. म्हशीच्या कासेतनं निघालेलं कोमट दूध तिथल्या तिथं पेल्यात ओतायचं, फेसासकट प्यायचं, मिशा पुसायच्या आणि घरी जायचं. पिशवीतलं दूध फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांना हे सांगून कळायचं नाही, तेव्हा जाऊ दे.

या कट्ट्यावर केरबा गवळी बसतो. पांढरी टोपी, पायजमा, दंडाला ताईत आणि आवाज असा की त्यानं म्हशीला हाक मारली की रस्त्यावरचे स्कूटरवाले ब्रेक दाबतात. त्याच्या म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, म्हणून ती चांदी. दुसऱ्या दोन म्हशी गोठ्यातच असतात, त्यांचं दूध घरोघर जातं. कट्ट्यावर मिरवायला येते ती चांदीच. "ह्या दुधानं किती पैलवान उभं केलं, मोजा की पावणं," असं तो नव्या गिऱ्हाइकाला सांगतो. गिऱ्हाईक बिचारं मोजणार कसं? ते मान हलवतं आणि दुसरा पेला मागतं.

केरबाला कुणी कधी आजारी पाहिलं नव्हतं. म्हणजे ताप यायचा, पण त्याला तो "ऊन लागलंय" म्हणायचा, मग थंडीचे दिवस असोत नाहीतर पावसाचे. एकदा म्हशीचा पाय पडून त्याच्या अंगठ्याचं नख निघालं. रक्त वाहत होतं, आणि हा खाली बसून म्हशीचा खूर चाचपत होता, "हिला लागलं न्हाय न्हवं?" म्हणून. त्याची बायको तानाबाई तिथंच उभी होती. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून तिनं 'दुखतंय' हा शब्द ऐकला नव्हता. तिला त्याचं कौतुक होतं आणि रागही होता, आणि खरं सांगायचं तर राग थोडा जास्तच होता.

"अवो, दुखलं खुपलं तर माणसानं सांगावं," ती म्हणायची.

"गवळ्यानं न्हाय सांगायचं," तो म्हणायचा. "शिंप्याचा सदरा फाटका चालतोय, गवळी आजारी न्हाय चालत. माझं दूध पिऊन पोरं छाती फुगवत्यात. मीच छाती धरून बसलो तर पेला कोण घेणार माझ्याकडनं?"

त्याच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलं होतं की ते काढायला पहार लागली असती. आणि असं माणूस काही वाईट नसतं, पण त्याच्याबरोबर संसार करणाऱ्या बाईचं काय होतं ते तिलाच विचारा.

गेल्या वर्षभरात तानाबाईला काहीबाही दिसत होतं. ओव्याचा डबा लवकर रिकामा व्हायला लागला. जेवण झालं की केरबा चिमूटभर ओवा तोंडात टाकून म्हणायचा, "गॅस झालाय वाईच." कोल्हापुरात गॅस कुणाला होत नाही? तांबडा रस्सा ओरपणाऱ्या गावात छातीत जळजळलं तर त्याचं कुणाला काय वाटणार? तिनं हिंग घालून ताक करून दिलं. तो प्यायला आणि "बरं वाटलं" म्हणाला. तिलाही बरं वाटलं.

मग दिवाळीचा पाडवा आला. पाडव्याला इकडं म्हशी सजवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरांचे पट्टे, अंगावर मोरपिसं, आणि मग मालकानं पुढं पळायचं आणि हाक मारली की म्हशीनं त्याच्या मागं धावायचं. ज्याची म्हस नुसत्या हाकेवर धावली त्याची कॉलर वर्षभर ताठ. केरबानं तरणा असल्यापासून एक पाडवा चुकवला नव्हता. या पाडव्याला त्यानं चांदीला नटवली, रस्त्यापर्यंत आणली, आणि तिथं म्हणाला, "हिचा पाय दुखतोय. न्हाय पळवत औंदा." तानाबाईनं घरी आल्यावर चांदीचे चारी पाय दाबून बघितले. म्हस निवांत रवंथ करत होती. तानाबाईला काही कळलं नाही, पण मनात एक कुसळ मात्र रुतून राहिलं.

ते कुसळ बाहेर आलं माघात. केरबा भाच्याच्या साखरपुड्याला मलकापूरला गेला होता. संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला होता, पण पाव्हण्यारावळ्यांत अडकला आणि फोन आला, "आज चांदीला तू घिऊन जा." घर नदीच्या अंगाला, कट्टा वर, मधे चढ. तानाबाईनं दावं हातात धरलं आणि निघाली.

बंद पडलेल्या गिरणीच्या कोपऱ्यावर चांदी थांबली.

"हल की गं," तानाबाई म्हणाली. चांदी हलली नाही. दावं ओढलं, पाठीवर थाप मारली, दोन शिव्या दिल्या. काही नाही. तानाबाई कपाळाला हात लावून उभी राहिली. थोड्या वेळानं चांदी आपणहून चालायला लागली, जसं काही झालंच नाही. पुढं कडुलिंबाखाली पुन्हा तेच. आणि कट्टा समोर दिसत असताना एका घराच्या ओट्यापाशी तिसऱ्यांदा. तिथं तर तिनं मान वळवून ओट्याकडं बघितलं, कुणीतरी तिथं बसायचं राहिलंय असं.

तानाबाई त्या ओट्यावर बसली. तिला आधी म्हशीचा राग आला होता. मग तिच्या ध्यानात आलं की म्हस काही मनानं थांबत नसते. म्हशीला जी सवय लागते ती मालकाची. रोज हा माणूस इथं थांबतोय. चढ लागला की थांबतोय, उभा राहतोय, मग चालतोय. ओवा, ताक, पाडवा, सगळं एका दाव्याला बांधल्यागत तिच्यासमोर आलं.

दुसऱ्या दिवशी केरबा परत आल्यावर संध्याकाळी ती त्याच्या मागोमाग निघाली. चोरासारखी, पदर डोक्यावर घेऊन. गिरणीच्या कोपऱ्यावर केरबा थांबला. चांदी थांबली. त्यानं वाकून चांदीचा खूर बघायचं नाटक केलं, एक हात खुरावर आणि दुसरा हात, मूठ वळून, स्वतःच्या छातीच्या मधोमध. रस्त्यानं जाणारा कुणी म्हणाला, "काय केरबामामा, खडा रुतला?" तर हा हसून "व्हय की" म्हणाला. तानाबाई उभ्या असलेल्या टेम्पोच्या आडून त्याचं तोंड बघत होती. राखेसारखं झालं होतं. ती तिथंच टेम्पोला धरून रडली. तिला त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं होतं, पण गेली असती तर तो उठून ताठ चालायला लागला असता, आणि त्यातच काहीतरी झालं असतं. हेही तिला ठाऊक होतं. म्हणून ती तिथनंच परत फिरली.

विचारून उपयोग नव्हता. "गॅस हाय" म्हणाला असता. दवाखान्यात चला म्हटलं तर "तूच जा, तुझं डोस्कं तपासून घे" म्हणाला असता. तानाबाईनं घरी येऊन चूल सारवली, भाकरी थापल्या, आणि भाकरी थापता थापता तिला सुचलं.

दोन दिवसांनी सकाळी ती पडवीत भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "अवो, माझ्या छातीत दुखतंय."

केरबाच्या हातातली वैरण खाली पडली. "कवापासनं?"

"लई दिस झालं."

"आणि आज सांगतीस?" तो असा ओरडला की शेजारची माणसं दारात आली. "अगं, असलं दुखणं कोण लपवून ठेवतंय का? अक्कल हाय का न्हाय? ऊठ! ऊठ म्हणतोय न्हवं!" त्यानं मोटारसायकल काढली, तिला मागं बसवलं आणि वाटभर तिला शिव्या घालत राहिला. तानाबाई त्याच्या पाठीला धरून बसली होती. शिव्या बरोबर होत्या, फक्त पत्ता चुकला होता.

डॉक्टर दीक्षा कांबळे यांचा दवाखाना पेठेतच. लहानपणी वडिलांचं, प्रसेनजीत गुरुजींचं, बोट धरून ती याच कट्ट्यावर यायची आणि केरबा तिच्या पेल्यात फेस जास्त घालायचा. आता ती त्याला मामा म्हणते आणि तो तिला दीक्षाताई.

"काय होतंय मामी?" दीक्षानं विचारलं.

तानाबाईनं सांगायला सुरुवात केली. पाठ केल्यासारखं नव्हे. डोळ्यांनी बघितलेलं सांगत होती. "चढ लागला की हुतंय. छातीच्या मधी कुणीतर आवळल्यागत. थांबलं की जरा वेळानं जातंय. पुन्ना चाललं की पुन्ना येतंय. जेवून लगीच निघालं तर लौकर येतंय. थंडीत जास्त."

"बोटानं दाखवा कुठं दुखतंय."

तानाबाईनं बोट दाखवलं नाही. तिनं मूठ वळली आणि छातीवर ठेवली. जशी त्यानं ठेवली होती तशी.

दीक्षानं त्या मुठीकडं नीट बघितलं. मग म्हणाली, "मामी, हा गॅस नसावा. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या चोंदल्या की असं होतं. बसल्या जागी पुरेसं रक्त मिळतं, म्हणून दुखत नाही. चढ चढला की हृदयाला जास्त लागतं, ते मिळत नाही, मग ते ओरडतं. याला अंजायना म्हणतात. याकडं दुर्लक्ष केलं तर एक दिवस नळी पुरी बंद होते, आणि मग हार्ट अटॅक."

केरबा शेजारच्या खुर्चीत पुतळ्यासारखा बसला होता. बायकोचं दुखणं ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत चालला होता. तो एकदम पुढं झुकला. "न्हाय न्हाय दीक्षाताई, असं कसं? हिला काय न्हाय झालेलं. गॅस हाय त्यो. अवो, मलाबी अगदी अस्संच हुतंय की! वरीस झालं. गिरणीपाशी येतंय, थांबलं की जातंय. मी काय मेलो का? मग ही कशी..."

आणि तो थांबला.

तानाबाईनं छातीवरची मूठ खाली घेतली. तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. "माझं काय बी दुखत न्हाय," ती म्हणाली. "तुमचंच दुखणं सांगितलं मी. तुमी सांगणार न्हाईसा म्हणून."

केरबा रागावेल असं तिला वाटलं होतं. तो रागावला नाही. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि लहान पोरासारखा म्हणाला, "मला वाटलं तुलाच काय तर झालं. माझा जीव गेलता."

"माझा रोज जातोय," तानाबाई म्हणाली.

केरबाचा ईसीजी काढला. तो चांगला आला, आणि केरबा पुन्हा गवळी झाला. "बगा! मशीन काय खोटं बोलतंय व्हय? गॅसच हाय."

"मामा, आत्ता पलंगावर पडून दुखत होतं का?"

"न्हाय."

"मग कागदावर कसं दिसेल? तुमचं दुखणं चढावरचं. ते चढावरच बघायला पाहिजे." तिनं गोळ्या लिहून दिल्या. जिभेखाली धरायची एक गोळी वेगळी दिली. "ही दुखलं की बसायचं आणि जिभेखाली धरायची. आणि बसूनसुद्धा थांबलं नाही, घाम फुटला, तर माझ्याकडंही यायचं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवून सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं. चढानं म्हशीला न्यायचं बंद. तंबाखू आजपासून बंद."

"तंबाखूबी?"

"तंबाखू पहिली," तानाबाई म्हणाली, आणि त्याच्या खिशातली चंची काढून तिनं दीक्षाच्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. केरबा त्या डब्याकडं बघत राहिला, माहेरचं माणूस गाडीत बसून चाललंय असं.

मोठ्या दवाखान्यात चालण्याची तपासणी झाली. इचलकरंजीहून मुलगा संग्राम आला होता, मागाच्या कारखान्यातली पाळी बदलून. छातीला तारा चिकटवून केरबाला चालत्या पट्ट्यावर उभं केलं. पट्ट्याचं पुढचं तोंड हळूहळू वर उचलतात, म्हणजे जागच्या जागी चढ. दुखलं की लगेच सांगायचं, असं तिथल्या माणसानं तीनतीनदा बजावलं. दाराच्या काचेतनं तानाबाई बघत होती. केरबा ताठ मानेनं चालत होता. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे झाले, तरी तोंड बंद. पण छातीला चिकटवलेल्या तारांना कट्ट्याच्या इज्जतीचं काय? डॉक्टरांनी पडद्याकडं बघितलं आणि पट्टा थांबवला.

"दुखत होतं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

केरबानं काचेकडं बघितलं. तिथं तानाबाई उभी होती. "वाईच," तो म्हणाला.

मग मनगटातनं बारीक नळी घालून हृदयाचं चित्र काढलं. रक्ताची मुख्य वाट दोऱ्याएवढी उरली होती. त्याच वेळी तिथं स्टेंट बसवली; आमच्याकडं सगळे स्प्रिंग म्हणतात. आणखी थोडे महिने ओवा खात बसला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी संग्रामला सांगितलं, आणि संग्रामनं आईला सांगितलं नाही. तिनं ते त्याच्या तोंडावरून वाचलं.

दवाखान्याच्या खाटेवर परत आणून निजवल्यावर केरबानं पहिली गोष्ट काय केली असेल? बायकोचा हात धरला आणि म्हणाला, "कट्ट्यावर सांगू नगंस. मलकापूरला गेलोय म्हणून सांग."

तानाबाईला त्या मनगटाला बांधलेल्या पट्टीसकट त्याला हलवावंसं वाटलं. पण आत्ता भांडण नको, म्हणून ती "बरं" म्हणाली. आणि तो परत येईपर्यंत रोज संध्याकाळी चांदीला घेऊन कट्ट्यावर गेली, धार काढली आणि खोटं बोलली. गुंडू हॉटेलवाल्याला सांगितलं मलकापूर. तालमीच्या पोरांना सांगितलं मलकापूर. पिराजी वस्तादांनी विचारलं तेव्हा तर तिची जीभच अडखळली. वस्ताद म्हणजे तालमीचं देवमाणूस. सत्तरी उलटली तरी मान बैलासारखी. आखाड्यात त्यांची पाठ कुणी मातीला लावलेली नव्हती. केरबाच्या बापाच्या वेळेपासून त्यांचा पेला या कट्ट्यावर ठरलेला. "मलकापुरात एवढं काय काम काढलंय त्यानं?" त्यांनी विचारलं. तानाबाईनं मान खाली घालून धार काढली.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर केरबा कट्ट्यावर आला. संग्रामनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, म्हणून म्हशीला तानाबाईनं आणलं आणि तो मागनं सावकाश, न थांबता आला. गिरणीपाशी चांदी सवयीनं उभी राहिली, तेव्हा तो तिच्या कानात म्हणाला, "चल माय, आता न्हाय थांबायचं." तानाबाईनं ते ऐकलं आणि दुसरीकडं तोंड फिरवलं.

कट्ट्यावर कल्ला झाला. "आलं आलं, मलकापूरचं पावणं आलं!" गुंडू ओरडला. "काय मामा, लई बारीक झालाय. पाव्हण्यांनी जेवाय घातलं न्हाय व्हय?"

सगळे हसले. पोरं पेले पुढं करून उभी होती. वस्ताद नेहमीच्या जागी, हातात पेला. केरबा हसला आणि खोटं बोलायला त्यानं तोंड उघडलं. मग त्याची नजर तानाबाईकडं गेली. ती दुधाची कासंडी घेऊन खाली बसली होती आणि त्याच्याकडं बघत नव्हती. इतके दिवस एकटीनं खोटं बोलून तिचा चेहरा दमला होता. ते त्यानं बघितलं.

"मलकापूर न्हाय," तो म्हणाला. आवाज तोच, रस्त्यापलीकडं जाणारा. "दवाखान्यात हुतो. छातीत कळा येत हुत्या वरीसभर. मी गॅस म्हणत बसलो. हिनं धरून नेलं म्हणून हितं उभा हाय. आत स्प्रिंग बसिवलीया."

नुसती शेजारच्या म्हशीची धार वाजत होती. तानाबाईचे हात थांबले. तिनं पुढं केलेल्या पेल्यांकडं बघितलं, आता एकेक मागं जाईल म्हणून. एका पोरानं दुसऱ्याकडं बघितलं. आणि वस्तादांनी आपला पेला खाली ठेवला. अर्धा भरलेला. आजवर त्यांनी या कट्ट्यावर दुधाचा एक थेंब मागं ठेवला नव्हता. संपलं, असं तानाबाईला वाटलं.

वस्ताद चालत म्हशीपाशी आले. केरबाच्या अगदी जवळ उभे राहिले आणि इतक्या हळू बोलले की तानाबाई खाली बसलेली होती म्हणूनच तिला ऐकू आलं.

"केरबा, ती कळ... जबड्यापतूर जाती का रं?"

केरबानं त्यांच्याकडं बघितलं. "तुमास्नी कवापासनं?"

"गेल्या उन्हाळ्यापासनं. तालमीचा जिना चढताना. मला वाटलं दाढ हाय. काढूनबी टाकली."

"चला," केरबा म्हणाला.

"कुठं?"

"दीक्षाताईकडं. दवाखाना उघडा हाय अजून."

"उद्या जाऊ की. पोरं बगत्यात."

"बगू द्या," केरबा म्हणाला. त्यानं वस्तादांचा हात धरला, तो हात ज्याला धरायला भले भले घाबरायचे, आणि तानाबाईला म्हणाला, "गिऱ्हाइकास्नी तू बग."

दोघे म्हातारे रस्त्याच्या कडेनं सावकाश निघाले. तालमीची पोरं पेले हातात धरून त्यांच्याकडं बघत उभी होती. थोडं चालल्यावर केरबा थांबला आणि वस्तादांकडं वळला.

"दुखतंय?" त्यानं विचारलं.

वस्तादांनी एकदा कट्ट्याकडं बघितलं. मग मान खाली घातली.

"व्हय रं," ते म्हणाले. "लई दुखतंय."